एफसीला नेताना गाडीच्या आतलं काय करून घ्यायचं आणि काय राहू द्यायचं

१५ वर्षं भरत आलेली गाडी एफसीला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला न्यायची म्हणून घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मेस्त्री, सीट फाटलीय, छताचं कापड लोंबतंय, टेप बंद आहे. एफसी होईल काय?" मी म्हणतो, होईल की. आणि दार उघडून सीट बेल्ट ओढून बघतो. बेल्ट अर्ध्यात अडकतो. हॉर्न स्टिअरिंग जरा डावीकडं वळवल्याशिवाय वाजत नाही. मीटरवर एक पिवळा दिवा कायम जळत असतो. या तीन गोष्टींबद्दल मालकानं एक अक्षर काढलेलं नसतं, कारण त्याला त्यांची सवय झालेली असते.

मी बेळगावच्या शहापुरात गाड्यांचं वायरिंग करतो. इंजिनचे मेस्त्री वेगळे, सीटचं कुशन करणारे वेगळे. पण एफसीच्या आधी गाडी फिरून फिरून माझ्या दारात येते, कारण जे दिवे पेटायला पाहिजेत ते पेटत नसतात आणि जे विझायला पाहिजेत ते विझत नसतात. म्हणून आतल्या बारीकसारीक बिघाडांपैकी कुठला तपासणीत आडवा येतो आणि कुठला नाही, ते एकदा सविस्तर लिहितो.

आधी कुणाला, कधी ते. व्हाईट बोर्ड म्हणजे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. यलो बोर्डला, म्हणजे धंद्याच्या गाडीला, मात्र ती आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस. बेळगाव-खानापूरवाल्यांचं आरटीओ ऑफिस केए-२२, निपाणी-चिकोडीकडचे केए-२३, बैलहोंगल २४, गोकाक ४९. चंदगडचे लोक गाडी दुरुस्तीला बेळगावात येतात, पासिंगला कोल्हापूरला जातात. एमएच-०९ पाटी असली तरी मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि नियम १९८९ चे, केंद्राचेच. त्यामुळं खाली लिहिलंय ते सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं सारखंच लागू आहे. महाराष्ट्राची गाडी घेऊन कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर कलम ४७ प्रमाणं इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडून एनओसी आणायची, आणि इथं पुन्हा गाडी इन्स्पेक्टरला दाखवायचीच.

फीबद्दल एवढंच, की केंद्राच्या दरपत्रकात एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारला ५,००० रुपये आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० झाले. एवढे पैसे भरायचेच आहेत म्हणताना लोकांना वाटतं, गाडी लग्नघरासारखी नटवून नेली पाहिजे. नवी सीट कव्हर, नवं मॅटिंग, डॅशबोर्डला पॉलिश. त्यातलं काहीही इन्स्पेक्टर बघत नाही. आमच्याकडं सगळे त्याला अजून ब्रेक इन्स्पेक्टरच म्हणतात, आणि त्या नावातच त्याची नजर कुठं असते ते आलं.

फिटनेसचा नियम ६२. त्याच्या तक्त्यात हेडलाईट, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, काच, हॉर्न, सायलेन्सर, डॅशबोर्डवरची उपकरणं, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग असं सगळं आहे. छताचं कापड कुठंच नाही. हा तक्ता यलो बोर्डसाठीचा, पण व्हाईट बोर्ड बघतानाही नजर याच वस्तूंवरून फिरते. मी स्वतः गाडी तपासताना चार प्रश्न धरतो. चालवणाऱ्याला नीट दिसतंय का? गाडी त्याच्या ताब्यात राहते का? दुसऱ्याला इशारा देता येतो का? धडक बसली तर आतला माणूस जागेवर राहील का? आतला बिघाड या चारांपैकी कशालाही चिकटत असेल तर तो बारीक नाही. चिकटत नसेल तर पैसे खिशात ठेवा.

राहू द्या

एसी गार करत नाही, राहू द्या. टेप बंद, आतला दिवा बंद, घड्याळ चुकीचं, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण रबरबँड लावून बसवलंय, डॅशबोर्डला उन्हानं भेग पडलीय, दाराच्या आतलं रेक्झिन सुटलंय, सेंट्रल लॉक एका दाराला चालत नाही: यातलं काहीही घेऊन खुशाल जा. मागच्या दाराची पॉवर विंडो बंद असली तरी चालतं, फक्त काच वर करून ठेवा. चालकाच्या बाजूची काच मात्र खाली-वर झाली पाहिजे.

यातल्या काही गोष्टींना शेपूट आहे. छताचं कापड लोंबलं तर हरकत नाही, पण ते इतकं खाली आलं असेल की आतल्या आरशातून मागची काच दिसत नाही, तर तो पहिल्या प्रश्नाचा बिघाड झाला. चार पिना टोचून वर करा, सुबक दिसायची गरज नाही. फाटलेली सीट चालते. हलणारी सीट चालत नाही. पुढची सीट सरकवायचा दांडा सोडल्यावर सीट रुळावर खट्कन बसली पाहिजे. ब्रेक मारला आणि सीट चार बोटं पुढं गेली तर पाय पेडलवरून सुटतो. पाठ टेकायचा भाग मागं कलंडत असेल तर तेही तसंच. दार आतल्या कडीनं उघडलंच पाहिजे. आतली कडी तुटलीय म्हणून काच खाली करून बाहेरून हात घालून दार उघडणारे बरेच आहेत. ते आधी करून घ्या.

सीटच्याच बाबतीत आमच्या भागातली एक खास गोष्ट. कडोली, उचगावकडचे भाजीवाले व्हॅनची मागची सीट काढून माळ्यावर टाकतात आणि बटाटा, कोबी भरून बाजारात आणतात. एफसीच्या दिवशी आरसीवर जेवढ्या सीटा लिहिल्या आहेत तेवढ्या गाडीत पाहिजेत, बोल्ट मारून बसवलेल्या. नुसत्या आणून ठेवलेल्या चालत नाहीत. उलटंही आहे, आरसीत नसलेली जास्तीची बाकडी वेल्डिंग करून बसवली असतील तर ती काढूनच जा. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं पाहिजे आणि डिकीतल्या टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली पाहिजे. टाकीवरची पट्टी दिसेल असं सामान हलवून ठेवा.

कुबट वास आणि ओलं कार्पेट

हे वर लिहिलेल्या यादीत टाकावं का नाही, मला ठरवता आलं नाही, म्हणून वेगळं लिहितो. वासासाठी कुणी गाडी नापास करत नाही. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात वापरलेल्या गाड्यांचं कार्पेट उचललं की खाली लाल चिखलाचं पाणी असतं, आणि त्याच पाण्यात वायरिंगचे कनेक्टर बसलेले असतात. तांब्यावर हिरवं चढतं. मग आज हॉर्न जातो, उद्या इंडिकेटर, परवा दोन्ही आपोआप येतात. गिऱ्हाईक म्हणतं, मेस्त्री, भूत लागलंय गाडीला.

पाणी कुठून येतं ते आधी बघा. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या कडेला जी जाळी असते तिच्यात झाडाचा पाला साठून पाणी जायचं भोक बंद होतं. हे सगळ्यात जास्त. झाडाखाली लावलेली गाडी असेल तर हमखास. दुसरं म्हणजे दाराचं रबर. तिसरं, एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते पाणी आत डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. पाला काढा, नळीत वरून हलकी हवा मारा, कार्पेट उचलून दोन उन्हं दाखवा. मग कनेक्टर सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. ग्रीस थापू नका. कार्पेट उचललंच आहे तर अजून एक काम होतं: बऱ्याच गाड्यांत चासी नंबर पुढच्या सीटखाली, कार्पेटच्या आत ठोकलेला असतो. तो ब्रशनं साफ करून ठेवा. तिथं पेन्सिलीनं छाप घेताना आकडा उमटला नाही तर सगळं बरोबर असूनही काम अडतं.

सीट बेल्ट

नियम १२५ प्रमाणं बेल्ट गाडीत असायला पाहिजे आणि १३८ प्रमाणं लावायला पाहिजे. न लावल्याचा दंड कलम १९४-बी खाली १,००० रुपये. आतल्या सगळ्या वस्तूंत मी पहिला हात बेल्टला लावतो.

तपासायचं असं. बेल्ट हळू ओढा, शेवटपर्यंत यायला पाहिजे. सोडा, आपोआप सगळा आत जायला पाहिजे. आता जोरात झटका द्या, तिथंच लॉक झाला पाहिजे. बकलमध्ये घाला, टक् आवाज आला पाहिजे, ओढून सुटता कामा नये, आणि लाल बटण दाबल्यावर एका दमात सुटला पाहिजे. मग पट्टी पूर्ण बाहेर काढून दोन्ही कडा बोटांत धरून बघा. कडेचे धागे सुटलेत, कुठं चिरलंय, सिगरेटचं भोक आहे, तर बेल्ट बदला. शिवून आणू नका. टेलरच्या मशिनचा टाका धडकेचा भार झेलत नाही.

बेल्ट आत जात नाही ही तक्रार सर्वांत जास्त, आणि त्यातल्या बहुतेक बेल्टना नवा भाग लागत नाही. वर्षानुवर्षांचा घाम आणि धूळ पट्टीवर बसून ती कडक होते, आणि वरच्या प्लॅस्टिकच्या कडीत मळाचा थर साठतो. पट्टी पूर्ण बाहेर काढा, आत जाऊ नये म्हणून वर एक चिमटा लावा. कोमट पाण्यात साधा साबण, मऊ ब्रश, आणि कडीतला मळ ओल्या फडक्यानं. सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच चिमटा काढा. ब्लीच नको, पेट्रोल नको. आणि गुंडाळीच्या डब्यात तेल तर अजिबात सोडू नका. तेलावर धूळ बसते आणि आतली लॉकची यंत्रणा चिकटते. एवढं करूनही आत जात नसेल तर आतली स्प्रिंग गेली. तो डबा उघडायचा नसतो, अख्खा बदलायचा. काही गाड्यांत त्याच्यात धडकेच्या वेळी बेल्ट घट्ट ओढणारा, बारूद असलेला प्रीटेन्शनर असतो. भंगारातला जुना घेताना, ती गाडी आपटलेली नव्हती ना, ते विचारा.

बेल्ट न लावताच त्याच्या इशाऱ्याचा आवाज बंद करायला बकलमध्ये अडकवायचे ते क्लिप आमच्या बाजारातही मिळायचे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक प्राधिकरणानं ऑनलाईन विकणाऱ्यांना ते काढायला लावले. तुमच्या बकलमध्ये असेल तर काढून फेका.

मागच्या सीटचे बेल्ट बहुतेक गाड्यांत सीटच्या खाचेत गाडलेले असतात. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते असं पोलिसांनी सांगितलं, तेव्हा काही दिवस लोक बेल्ट उकरून काढत होते. नंतर परत कव्हराखाली. सीट कव्हर बसवणारे बकल आत दाबून टाकतात. ते बाहेर काढा, नाणी आणि शेंगांची टरफलं झाडा, सगळे बेल्ट लागतात का बघा.

मीटरवरचे दिवे

हा माझा प्रांत, इथं जरा थांबतो.

चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. सगळे इशाऱ्याचे दिवे पेटले पाहिजेत: ऑईल, बॅटरी, हँडब्रेक, इंजिन, एबीएस आणि एअरबॅग, गाडीत जे असतील ते. आता इंजिन चालू करा. काही सेकंदांत ते सगळे विझले पाहिजेत, हँडब्रेक सोडल्यावर त्याचाही. म्हणजे दोन्ही बघायचं, पेटणंही आणि विझणंही. कारण एअरबॅगचा दिवा विझत नाही म्हणून त्याच्यावर काळी टेप लावणारे, बल्बच काढून टाकणारे कारागीर आहेत. चावी फिरवल्यावर जो दिवा पेटतच नाही, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात आधी भरतो.

लाल दिवा विझत नसेल तर गाडी कुठंच नेऊ नका. हँडब्रेक सोडूनही लाल ब्रेकचा दिवा जळतोय याची दोन कारणं. एक, हँडब्रेकच्या मुळाशी असलेलं बारीक स्विच अडकलंय, ते साफ करून होतं. दुसरं, बॉनेटखाली ब्रेक ऑईल कमी झालंय. अशा वेळी नुसतं ऑईल भरून दिवा घालवू नका. पॅड झिजले की ऑईल खाली जातं, किंवा कुठं तरी गळतंय. आतला दिवा बाहेरच्या चाकाची बातमी सांगतोय.

एबीएसचा दिवा बहुतेक वेळा चाकाजवळच्या सेन्सरच्या वायरमुळं लागतो. कच्च्या रस्त्याचा चिखल, त्यात उंदीर. दिवा जळत असताना साधा ब्रेक लागतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ न देणारी मदत मात्र बंद असते.

एअरबॅगच्या दिव्याची दोन कारणं मला वारंवार सापडतात. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर असतो. सीट मागं-पुढं सरकवताना, नाही तर खाली पाण्याच्या बाटल्या कोंबताना तो सैल होतो. दुसरं स्टिअरिंगच्या आत. तिथं गोल गुंडाळलेली रिबनसारखी केबल असते, आम्ही स्पायरल केबल म्हणतो. ती तुटली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि त्याच सुमाराला हॉर्नही जातो, स्टिअरिंगवरची बटणंही. हॉर्न आणि एअरबॅग एकदम गेले तर हॉर्न बदलत बसू नका, हॉर्न चांगलाच असतो. आणि पिवळ्या वायरिंगला टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचं धाडस घरी करू नका. बॅटरीची वायर काढून, थोडा वेळ थांबून मगच तिथं हात घालायचा असतो, तोही शिकलेल्या माणसानं.

सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीवर घट्ट कव्हर चढवलं तर ती बाहेर यायची वाट बंद होते. शिवणाऱ्याला आधीच सांगा.

गाडीत मुळात एअरबॅग नसेलच तर? विचारणारे पुष्कळ. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना चालकाची एअरबॅग, बेल्टचा इशारा, वेगाचा इशारा आणि रिव्हर्सचा सेन्सर सक्तीचा झाला. त्याआधीची गाडी असेल आणि कंपनीतून ते आलं नसेल तर कुणी मागत नाही. कंपनीतून आलेलं बंद पडलेलं असेल तर मात्र ते बिघाडात धरलं जातं. म्हणूनच शोभेचं छोटं स्टिअरिंग बसवून मूळचं एअरबॅगवालं घरी ठेवलेल्यांनी आधी मूळचं बसवून घ्यावं.

इंजिनच्या पिवळ्या दिव्याबद्दल एकच. स्कॅनर लावून कोड पुसून देणारे पाचशेत काम करतात. कारण तसंच असेल तर दिवा पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा ऑफिसच्या दारातच येतो.

हॉर्न, वायपर, इंडिकेटर, स्पीडोमीटर

हॉर्न स्टिअरिंगच्या कुठल्याही कोनात वाजला पाहिजे. आधी फ्यूज बघा. रंगावरून ओळखायचं: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. जेवढ्याचा गेला तेवढ्याचाच घाला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद दिसला की मी आधी ते काढतो, मग बोलतो. सुरावर वाजणारे, चार आवाज काढणारे हॉर्न काढून ठेवा, त्यांना परवानगी नाही.

इंडिकेटर लावल्यावर आत टकटक नेहमीपेक्षा भरभर वाजत असेल तर बाहेरचा एक बल्ब गेलाय, किंवा कुणी साध्या बल्बच्या जागी एलईडी घातलाय. वळण घेऊन स्टिअरिंग सरळ झालं की दांडा आपोआप परत यायला पाहिजे. अप्पर लावल्यावर मीटरमध्ये निळा दिवा आला पाहिजे.

वायपर सगळ्या वेगांवर चालवून बघा, पण कोरड्या काचेवर नको. पाणी उडत नसेल तर टाकीत साबणाचा गाळ असतो किंवा नोझल बुजलेलं असतं, टाचणीनं मोकळं होतं. रबर कडक झालं असेल तर नवीन घालाच.

ब्लोअर तपासणीत सहसा कुणी विचारत नाही. तरी चोर्ला किंवा आंबोलीवरून पावसात उतरणाऱ्याला मी तो करून घ्यायला सांगतो, काच आतून धुरकटली की वायपर काय करणार? फक्त शेवटच्या वेगावर चालतो म्हणजे रेझिस्टर गेलाय, काम छोटं आहे.

स्पीडोमीटरचा काटा पडलेला असेल तर गाडी दहा पावलं चालवली तरी दिसतं. जुन्या गाडीत केबल, नव्यात गिअरबॉक्सवरचा सेन्सर. कधी नुसता कनेक्टर. ते करताना "जाता जाता किलोमीटर पण जरा कमी करा की" म्हणणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि दुसरीकडं पाठवतो.

समोर काय काय ठेवलंय

डॅशबोर्डवरचा गणपती, आरशाला लटकवलेली माळ, लिंबू-मिरची, मोबाईलचा स्टँड, बाळाचा बूट. श्रद्धेला कुणी नाही म्हणत नाही. पण चालकाच्या सीटवर बसून रस्ता बघताना मूर्ती मध्ये येत असेल तर ती डाव्या बाजूला खाली बसवा, आणि आरशावरचं सगळं काढा. आरसा स्वतः घट्ट पाहिजे. रस्त्याच्या खड्ड्यागणिक मान टाकणारा आरसा फेविक्विकनं टिकत नाही, काचेला चिकटवायचा वेगळा गोंद मिळतो.

काळी फिल्म काढा. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला पाहिजे असा नियम १०० आहे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरून फिल्म चिकटवायलाच बंदी घातली. जाळीचे पडदेही त्या दिवशी घरी ठेवा. फिल्म ओरबाडून काढल्यावर गोंद राहतो; मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतील तर तिथं ब्लेड लावू नका.

पायाखाली बघा. मॅटवर मॅट, त्यावर अजून एक रबरी मॅट, असे थर असतील तर पेडल पूर्ण दबत नाही. एकच ठेवा. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बदला. आतल्या सगळ्या कामांत याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. हँडब्रेक चढावर गाडी धरून ठेवतो का, ते बघा.

यलो बोर्डवाल्यांना याच्या वर आणखी: लोकेशन सांगणारं यंत्र आणि लाल पॅनिक बटण चालू पाहिजे, वेग बांधणारा गव्हर्नर पाहिजे, औषधांची पेटी पाहिजे. पेटी उघडून बघतात. आत नुसता कंगवा आणि टोलच्या पावत्या नकोत.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

आदल्या संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी गाडीसमोर उभं करा आणि एकेक लावत जा. बाहेरचा दिवा आणि आतला इशारा दोन्ही जुळले पाहिजेत. बेळगाव शहरातल्या माणसाला सांगायला नको, पण खानापूरच्या आतल्या गावातून येणारे वडीलधारे कन्नडला बिचकतात, म्हणून लिहितो. इन्स्पेक्टर साधारण एवढंच बोलतो: "लाईट हाक्री" म्हणजे दिवे लावा, "डिप माड्री" म्हणजे उजेड खाली करा, "हॉर्न होडीरी" म्हणजे वाजवा, "ब्रेक हिडीरी" म्हणजे ब्रेक दाबून धरा, "बॉनेट तेगीरी" म्हणजे उघडा. घाई करू नका, एक झालं की दुसरं. मराठीत विचारलं तर पुष्कळ जण मराठीतही सांगतात.

सोबत आरसी, चालू विमा, एमिशनचं सर्टिफिकेट, फी भरल्याची पावती. डिकी आणि सीट रिकाम्या. एजंट धरायचा का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. कागदाचं काम तो करतो, सीट बेल्ट तो दुरुस्त करत नाही.

नापास झाली तर वाद घालू नका. काय काय कमी आहे ते सगळं विचारून लिहून घ्या, एकच ऐकून परतू नका, नाही तर दुसऱ्या खेपेला दुसरं निघतं. तो कागद मेस्त्रीला दाखवा आणि कागदावर आहे तेवढंच करून घ्या. आमच्यातले काही जण अशा वेळी अख्खं वायरिंग बदलायचं काढतात. दुरुस्तीचं बिल घेऊन पुन्हा दाखवायला जा. पास होऊन नवी आरसी आली की मुदतीची तारीख, चासी नंबर आणि सीटसंख्या वाचून बघा, आणि चूक दिसली तर लगेच अर्ज द्या.